सामानामागे ओतलेलं पाणी

१

दुपारची भांडी झाली, उम्मी, म्हणजे माझी आई, आडवी झाली, की मी मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे. ट्युनिसियातल्या आमच्या महदियात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण खाली घरात रेंज मिळत नाही आणि माझा जीव त्या नंबरात अडकलेला. टपाल खात्याच्या पानावर पार्सलचा नंबर टाकायचा, गोल फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसायचं, आणि मग एकेक ओळ उमटायची. महदिया इथे स्वीकारले. ट्युनिसला पोचले. वर्गवारी सुरू. एखादी ओळ वाढलेली दिसली की मला पोट भरल्यासारखं वाटायचं.

पार्सल निघालं होतं फ्रान्सला, ग्रनोब्लला, माझ्या नवऱ्याकडे. लसाद तिथे बसगाड्या दुरुस्त करतो. मागच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, सुट्टी संपली तसा तो गेला, आणि मी कागदपत्रांची वाट बघत आईजवळच राहिले. पस्तिशी उलटल्यावर लग्न झालेल्या बाईनं माहेरी बसून राहणं काय असतं ते आमच्या गल्लीला विचारा. पाव आणायला गेले तरी "अजून इथेच का गं दलेंदा?", मासे आणायला गेले तरी तेच. शेवटी एकदाचा व्हिसा आला, तिकीट आलं. विमानात एकच बॅग चालते, म्हणून बाकीचं सामान पोस्टानं पुढे धाडायचं ठरलं.

तशी आमच्यात रीतच आहे. नवरीचं सामान आधी जातं, नवरी मागून. पूर्वी गाद्या, आरसा, पितळेची भांडी गाढवावर लादून गाजावाजा करत न्यायचे. उम्मीनं ते फारच मनावर घेतलं. खोक्यात माझा लोकरीचा कोट, बूट, बाबांनी विणलेली रेशमी ओढणी, शिंगाचा कंगवा आणि भाजलेल्या धान्याच्या पिठाचा डबा असं सगळं तिनं स्वतः रचलं. मी चिकटपट्टी घेऊन बसले तर म्हणाली, "असं उघडंबोडकं पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

आणि तिनं पेटीतून माझी सफसारी काढली. घराबाहेर पडताना बायका डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घ्यायच्या ते पांढरं रेशमी वस्त्र. आता फक्त म्हाताऱ्या बायका घेतात. पण बापाचं घर सोडताना मी ही पांघरावी म्हणून बाबांनी मरायच्या आधी पुढच्या खोलीतल्या मागावर ती विणून ठेवली होती. लग्न झालं खरं, पण घर मी सोडलंच नव्हतं, म्हणून ती तशीच कोरी राहिली होती.

"उम्मी, ती मी घालायची आहे!"

"विमानात? सगळे हसतील तुला, भूत आलं म्हणतील. राहू दे, सामानाला घालू."

तिनं खोकं सफसारीत गुंडाळलं आणि निळ्या दोऱ्यानं चारी बाजू शिवून टाकल्या. पाठवणाऱ्याच्या जागी तिचंच नाव घातलं, मन्नूबिया. मी तर जाणार. उद्या काही परत-बिरत आलं तर घ्यायला कोणी हवं की नको?

मी हातगाडीवर खोकं ठेवलं. समोरच्या जुहैरामावशीनं दारात येऊन तोंडावर हात धरला आणि लग्नाची लकेर मारली, लू-लू-लू, सगळी गल्ली दणाणली. मी लाजत गाडी ढकलली. तेवढ्यात पाठीमागे दगडावर पाणी आदळल्याचा आवाज आला.

उम्मी उंबऱ्यात उभी होती. हातात रिकामा तांब्या.

जुहैरामावशीची लकेर अर्ध्यात तुटली. "मन्नूबिया! डोकं फिरलं काय तुझं? सामानामागे पाणी?"

आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या मागे पाणी ओततात. वाट ओली राहावी आणि माणसानं त्याच वाटेनं घरी परत यावं म्हणून. बोटीवर जाणाऱ्याच्या मागे ओततात, परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या मागे ओततात. नवरीच्या सामानामागे कोणी ओतत नाही. नवरीचं सामान परत येणं म्हणजे काय, ते कोणत्याही आईला सांगावं लागत नाही.

"हात गेला गं सवयीनं," उम्मी म्हणाली. "जन्म गेला या दारातून माणसं पाठवण्यात." तिनं जीभ चावली आणि हसली. मीही हसले. पाणी उतारावरून ओघळत माझ्या चपलेखाली आलं होतं, अंगणाखालच्या टाकीतलं गार पाणी. पोस्टात पोचेपर्यंत पाय सुकला.

२

ओळी वाढत गेल्या. देशाबाहेर रवाना. मुक्कामाच्या देशात पोचले. मी उम्मीला वाचून दाखवायचे, ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "बोलत राहा, मी जागी आहे."

एका दुपारी शेवटची ओळ आली. पत्त्यावर ताब्यात दिले.

मी गच्चीवरून लगेच लसादला फोन लावला. "मिळालं ना रे?"

"काय?"

"पार्सल! अरे, आत्ता इथे दाखवतंय."

"नाही गं, काही नाही आलं. शेजाऱ्याकडे दिलं असेल. बघतो संध्याकाळी."

शेजाऱ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पानावर आणखी एक ओळ दिसली: पाठवणाऱ्याकडे परत. मग सगळ्या ओळी उलट्या क्रमानं येऊ लागल्या, समुद्र, ट्युनिस, महदिया, आणि घरी पोस्टाची चिठ्ठी आली.

पोस्टाच्या खिडकीवर बुश्रा बसते. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, म्हणून तिच्या जिभेला माझ्यासमोर लगाम नसतो. उम्मीचं ओळखपत्र घेऊन मी गेले तर म्हणाली, "आली का नवरीबाई? तुझ्याआधी तुझं सामान सासरहून परत आलंय बघ!"

"कारण काय लिहिलंय?"

"कारणच नाही. पत्ता चूक, माणूस सापडला नाही, घेतलं नाही, यांतलं काहीतरी असतं. इथे रकाना कोरा आहे. फ्रान्सवाले पण आपल्यासारखेच गं, उगाच कौतुक."

मी खोकं घरी आणून मागाच्या खोलीत ठेवलं. बाबा गेल्यापासून तिथे कोणी बसत नाही, दिवसाही खिडक्या बंद असतात. सफसारी खालच्या बाजूनं ओलसर होती. मी नाक जवळ नेलं. समुद्राचा वास असता तर मला काही वाटलं नसतं, बोटीतून आलंय म्हटलं असतं. पण तो वास आमच्या अंगणाखालच्या टाकीचा होता, चुन्याचा आणि जुन्या पावसाचा.

मग मला टाके दिसले.

उम्मी उजव्या हातानं शिवते. मी डावरी. लहानपणापासून ती मला चिडवते की तुझे टाके वाऱ्यावर वाकलेल्या गवतासारखे उलटे झुकतात. खोक्याच्या चारी बाजूंचे टाके उलटे झुकलेले होते. दोरा तोच, निळा. मी बोटानं एकेक टाका चाचपत गेले. प्रत्येक वळणावर दोनदा गाठ. मीही तिथे दोनदा गाठ मारते.

मी स्वतःला समजावलं. जगात मी एकटी डावरी आहे का? कस्टमवाल्यांनी उघडलं असेल, कुणा बाईला शिवायला दिलं असेल. कस्टमवाले शिवत बसत नाहीत, चिकटपट्टी मारून मोकळे होतात, हे मला ठाऊक होतं. पण माणसाला हवं ते कारण पटवून घेता येतं.

आत सगळं होतं. फक्त कोट नव्हता.

"चोर मेले!" लसाद फोनवर म्हणाला. "दुसरा घेऊ. तू ये तर खरी."

"तू ये तर खरी" हे त्यानं म्हटलं, म्हणून मला त्या दिवशी झोप लागली.

३

खरं तर ते सामान घरीच ठेवायला हवं होतं. पण हट्ट माझाच. गल्लीनं ते परत आलेलं पाहिलं होतं, आणि मला त्यांच्या देखत ते पुन्हा पाठवायचं होतं. या वेळी पट्ट्या आणि दोरी मी बांधणार होते, पण उम्मीनं सफसारीशिवाय खोक्याला हात लावू दिला नाही. तिनंच शिवलं. मी निघाले तेव्हा तिनं दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. "बघ, रिकामे आहेत. त्या जुहैराला सांग, नाहीतर ती मला जगू द्यायची नाही."

कोपऱ्यावर मी वळून पाहिलं. उम्मी आत गेली होती. पायरी ओली होती आणि पाण्याची बारीक रेघ माझ्या दिशेनं येत होती. पायरी धुतली असेल, मी म्हटलं. भर दुपारी उंबरा कोण धुतं, हे काही मी स्वतःला विचारलं नाही.

ओळी पुन्हा वाढू लागल्या. देशाबाहेर रवाना झाल्याची ओळ आली त्या दिवशी मला सकाळपासून कसंसंच वाटत होतं. पाय जमिनीवर टेकत नव्हते म्हणावं तर टेकत होते. जिना चढताना मध्येच थांबून मी कठडा घट्ट धरला. खाली अंगणात टाकीचं झाकण हलल्यासारखा आवाज झाला, आणि उम्मी झोपेतून म्हणाली, "गेली का?"

"कोण गेली का?"

ती झोपेतच होती.

त्यानंतर लसाद बदलला. भांडत नव्हता, उलट खुशीत असायचा. पूर्वी फोन ठेवायला तयार नसायचा, आता त्याला सारखी कामं. एकदा बोलता बोलता खात होता.

"काय खातोयस?"

"कुस्कुस. खारवलेला सुका मासा घातलेला, तुमच्याकडे ईदला करतात ना, तो. असा जमलाय म्हणून सांगू!"

लसादला अंडं उकडता येत नाही. ही गोष्ट त्याच्या आईनं लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकली होती.

"कुणी केला?"

तो थांबला. तोंडातला घास चावायचाही थांबला. "म्हणजे? असं काय विचारतेस?" त्याच्या आवाजात राग नव्हता, लपवाछपवी नव्हती. नुसता गोंधळ होता. मग म्हणाला, "बरं, ठेवतो. बोलू नंतर."

मी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर तशीच बसले. तिकडे बाई होती. दुसरं काय असणार? एकटा राहणारा पुरुष, परका मुलूख, वर्ष होत आलेलं. मला इतकं रडू आलं की मी अंगावरची ओढणी तोंडात कोंबली. पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्यात थोडं बरंही वाटत होतं. दुसरी बाई ही समजण्यासारखी गोष्ट होती. जगात सगळीकडे होते.

४

खोकं पुन्हा परत आलं. पुन्हा ताब्यात दिले, पुन्हा पाठवणाऱ्याकडे परत, कारण कोरं.

"बुश्रा, तिकडे ते कुणी घेतलं? ताब्यात दिले म्हणतात म्हणजे कुणीतरी सही केलीच असेल. सही बघता येते का तुला?"

"येते. दाखवायची नसते." तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "नवऱ्याची चोरी पकडायची आहे ना? बघ बाई, बघ. पण मी दाखवलं म्हणून सांगू नकोस."

सही माझी होती.

डावीकडे कललेली, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून तिच्यावर बारीक टिंब दिलेली. ते टिंब मी शाळेत असताना द्यायला लागले, बुश्राच्याच बाकावर.

"अगं, ही तर तुझीच," बुश्रा म्हणाली. "मागच्या वेळी परत घेतलंस तेव्हाची चुकून इथे चिकटली असणार. ह्या मशीनला काय, अक्कल थोडीच असते."

"मागच्या वेळी मी उम्मीच्या नावानं सही केली होती."

बुश्रानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पडदा परत वळवून घेतला. "माझ्यामागे रांग आहे गं," ती म्हणाली. माझ्यामागे कोणीही नव्हतं.

घरी खोकं हलकं लागलं. टाके उलटे झुकलेले, वळणावर दोनदा गाठ. मी ते कात्रीनं न कापता एकेक उसवत बसले, कारण मला आत बघायचं नव्हतं. बूट नव्हते. कंगवा नव्हता. बाबांची ओढणी नव्हती. फक्त पिठाचा डबा होता, आणि तो खडखडत होता.

मी झाकण काढलं. डबा घासून लख्ख केलेला, आणि आत अक्रोड, ग्रनोब्लच्या बाजूला पिकतात ते.

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीनं ताटली पाठवली तर तीत काहीतरी घालूनच द्यायची, मूठभर खारका का होईनात. हे कुठल्या फ्रेंच बाईला सुचत नाही. लसादला तर सात जन्मांत सुचलं नसतं. हे आईनं डोक्यावर टपली मारून शिकवलेल्या मुलीलाच सुचतं.

उम्मी माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं डब्यातला अक्रोड उचलला, मागाच्या लाकडावर आपटून फोडला आणि गर तोंडात टाकला.

"रिकामा नाही पाठवला हं," ती म्हणाली. "वळण आहे पोरीला."

"कोणत्या पोरीला, उम्मी?"

"ज्या कोणी भरला तिला." तिनं अर्धा गर माझ्यापुढे धरला. मी तोंड फिरवलं. बंद खिडकीच्या फटीतून आलेलं ऊन मागाच्या रिकाम्या चौकटीवर पडलं होतं, आणि सफसारीच्या ओल्या टोकावरून फरशीवर थेंब पडत होता. एक पडला की दुसरा पडेपर्यंत मी श्वास रोखून धरत होते.

५

तिकिटाच्या तारखेची वाट मी बघितली नाही. बुश्राच्या भावाची प्रवासकंपनी आहे, त्याच्याकडून तारीख अलीकडे ओढून घेतली. तिकडे जी कोणी असेल ती असेल, मी जाणार, दारात उभी राहणार आणि म्हणणार, मी दलेंदा, ह्या माणसाची लग्नाची बायको. तू कोण? एवढंच माझ्या डोक्यात होतं. हातात एक बॅग घेतली. रिकामी झालेली सफसारी मागाच्या खोलीतच ठेवली.

"उम्मी, माझी शपथ आहे तुला. पाणी ओतायचं नाही."

"नाही ओतत."

"तांब्या माझ्याकडे दे."

तिनं तांब्या दिला. मी तो जुहैरामावशीकडे ठेवायला दिला. मावशीनं माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "जा बाई. मागे बघू नकोस." उम्मीनं माझे दोन्ही गाल धरले. तिचे हात ओले होते. भांडी घासत होती, ती म्हणाली.

सामायिक टॅक्सीत मी पुढची जागा घेतली. ऑलिव्हच्या बागा मागे गेल्या, तसतशी छाती मोकळी होत गेली. विमानतळावर बॅग आत गेली, तिकीट हातात आलं. मग मी पासपोर्ट तपासणीच्या काचेसमोर उभी राहिले. आतला माणूस माझ्या बाबांच्या वयाचा होता, सर्दी झालेला. त्यानं पासपोर्ट यंत्रावर धरला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा धरला.

"बाई, तुम्ही गेलेल्या आहात."

"काय?"

"तुम्ही देशाबाहेर गेलाय. नोंद आहे. परत आल्याची नोंद नाही."

त्यानं दिवस सांगितला. जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले होते तो दिवस.

"मी तुमच्यासमोर उभी आहे ना, काका!"

"ते मला दिसतंय, मुली. पण मशीनला तुम्ही गेलेल्या दिसताय. गेलेल्या माणसाला पुन्हा कसं सोडू मी?"

"मग पासपोर्टवर शिक्का दाखवा! कुठाय शिक्का?"

त्यानं पानं चाळली. शिक्का नव्हता. त्यानं नाक पुसलं, साहेबाला बोलावलं, साहेबानं आणखी एकाला. तिघांनी पडद्यावरचा माझा फोटो आणि मला असं आळीपाळीनं पाहिलं. माझ्यावर कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. त्यांतला तरुण साहेब जरा मागेच सरकून उभा होता. शेवटी म्हातारा काचेच्या फटीतून हळूच म्हणाला, "चूक असेल कुठेतरी. तुम्ही आज घरी जा. तुमच्या गावी अर्ज करा." आणि पासपोर्ट त्यानं माझ्या हातात न देता फटीतून ढकलला, बोट लागू न देता.

बॅग गेली विमानातून. मी परत टॅक्सीत बसले.

गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. जुहैरामावशीच्या खिडकीत माझा तांब्या उपडा ठेवलेला दिसत होता. आमची पायरी ओली होती. दार उघडं होतं. आत टेबलावर दोन ताटल्या मांडल्या होत्या, आणि उम्मी पाव कापत होती.

"हात धुऊन घे," ती म्हणाली.

मी तशीच गच्चीवर धावले आणि लसादला फोन लावला. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"अगं, फोन काय करतेस? किल्ली विसरलीस का? थांब, येतो खाली."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"दलेंदा? पाव मिळाला ना?" तो हसत होता. मग त्याच्या बाजूला दार उघडल्याचा आवाज आला. पिशवी टेबलावर ठेवल्याचा. बुटांचा आवाज, टाच जरा घासत चालण्याचा. मी तशी चालते म्हणून शाळेत बाई मला पुन्हा पुन्हा चालायला लावायच्या.

लसादचं हसू थांबलं.

"कोण बोलतंय?" त्यानं मला विचारलं. इतक्या परक्या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी काही म्हणायच्या आत त्यानं फोन ठेवला. नंतर पुष्कळदा लावला, पण माझा नंबर तिथे लागत नाही.

६

अर्ज केला. उत्तर नाही. बुश्रा आजकाल खिडकीवरून माझ्याशी नीट बोलते, चिडवत नाही, आणि मला ते सोसवत नाही. गल्लीत मला कोणी "अजून इथेच का?" असं विचारत नाही. पाववाला माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो. उम्मीसाठी म्हणून मागितला तर पाव देतो. जुहैरामावशी मला बघून दार लोटून घेते. तिनं तांब्या अजून परत केलेला नाही.

मी त्या पानावर अजूनही नंबर टाकते. शेवटची ओळ बदलत नाही. पाठवणाऱ्याकडे परत. स्वीकारले.

एकदा मी उम्मीला धरून विचारलं. गदागदा हलवूनच विचारलं, माझाही तोल गेला होता. "तो हात सवयीनं गेला का मुद्दाम?"

तिनं माझ्या मनगटांकडे पाहिलं. "मुलीला पाठवावंच लागतं," ती म्हणाली. "मी कुठे अडवलं? तिचा संसार व्हायला नको का? पण ह्या घरात मी एकटीनं काय करायचं, दलेंदा? ह्या एवढ्या खोल्या. तो माग." मग तिनं माझे केस कानामागे सारले. "मी एवढंच मागितलं की सगळीच जाऊ नकोस."

मी तिला सोडलं. मला तिचा राग आला आणि कीव आली, आणि राग कुठे संपतो आणि कीव कुठे सुरू होते ते मला अजून कळलेलं नाही.

काल शुक्रवार. जेवण झालं आणि मला थंडी वाजायला लागली. बाहेर ऊन आग पाखडत होतं आणि माझे दात वाजत होते. उम्मीनं मागाच्या खोलीतून सफसारी आणली, मला बाकावर बसवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली. ती खालच्या टोकाला अजून ओलसर आहे. पण ऊब येत होती.

तेवढ्यात भिंतीवरचा जुना फोन वाजला. उम्मीनं तो लगबगीनं उचलला, आणि तिचा चेहरा उजळला.

"दलेंदा! बोल माझ्या बाळा! कशी आहेस?"

मी बाकावर बसून होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. फोनमधून बारीक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण मध्येच अडखळून पुढे धावण्याची ती ढब माझीच होती.

"थंडी आहे ना तिकडे? कोट घालत जा गं. आणि केस ओले ठेवून झोपू नकोस... लसादला सांग, सासूची आठवण काढत जा म्हणावं... हो. हो. अक्रोड मिळाले, छान होते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. उम्मीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरची घडी सरकली होती, ती तिनं एका हातानं नीट केली आणि दोन्ही काठ माझ्या हनुवटीखाली जुळवून धरले.

"इथे? नाही गं, इथे कोण असणार. तुझं सामान परत आलंय ना, ते आवरून ठेवतेय."

मग तिनं फोन मान वाकडी करून खांद्यावर धरला, आणि सुईत निळा दोरा ओवायला घेतला.